सगळी उत्तरं बरोबर, तरी विश्वास डळमळला: दुसरीच्या एका शिक्षिकेचं प्रकरण

दुसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवून झाली होती. शाळा बंद होती, तास मोबाइलवर चालत होते आणि सरावाच्या वह्यांचे फोटो पालक रोज संध्याकाळी पाठवत होते. फोटोंतली जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर होती. त्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेनं मुख्याध्यापिकांना सांगितलं, "मला शिकवता येतं की नाही, हेच आता कळेनासं झालंय."

या बाई दोन दशकांहून अधिक काळ लहान मुलांना शिकवत आल्या आहेत. शाळेत नवा शिक्षक आला की आधी काही दिवस त्याला यांच्याच वर्गात मागे बसवलं जायचं. वर्गाची उत्तरं बरोबर येत असताना अशा शिक्षिकेचा स्वतःवरचा विश्वास का ढासळावा, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. मी त्या काळात गणित-अध्यापनाची मार्गदर्शक म्हणून शाळेबरोबर काम करत होते, बाईंचे तास पाहत होते आणि तासानंतर त्यांच्याशी बोलत होते. व्यक्ती किंवा शाळा ओळखू येईल असं इथे काही दिलेलं नाही.

काळ 2020 सालचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये जगभरातल्या दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा आणि महाविद्यालयं बंद असल्याची नोंद युनेस्कोनं केली होती. म्हणजे हा सगळा कारभार घाईघाईनं उभा राहिलेला होता. आधीपासून आखून, साहित्य तयार करून चालवलेलं ऑनलाइन शिक्षण आणि संकटात रातोरात पडद्यावर नेलेली शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च 2020 मध्येच मांडलं होतं. पुढचं सगळं वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. दूरस्थ शिक्षण चांगलं की वाईट, याचा निवाडा या प्रकरणातून निघत नाही.

पेन्सिल कुठे थांबते

मुलाला समजलं की नाही, हे लहान वर्गाच्या शिक्षिकेला नुसत्या उत्तरावरून क्वचितच कळतं. 52 मधून 27 वजा करायचे आहेत. सात वर्षांचं मूल उत्तर लिहितं 35. त्यानं एककाच्या घरात 2 आणि 7 पाहिले, मोठ्यातून लहान वजा केला आणि 5 लिहिले. दशकात 5 मधून 2 गेले, 3 लिहिले. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलानं स्वतःपुरता एक नियम बनवलेला असतो आणि मूल तो इमानेइतबारे पाळत असतं. वजाबाकीतल्या अशा नियमबद्ध चुकांवर जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

वर्गात बाईंना ही चूक उत्तर लिहून व्हायच्या आधीच दिसायची. त्या वहीकडे बघायच्या नाहीत, पेन्सिलीकडे बघायच्या. ज्याला दशक सुटा करणं कळलंय त्याची पेन्सिल एककाच्या घरावर अडते. तो वर 5 कडे बघतो, त्यावर काट मारतो, 4 लिहितो आणि मग खाली येतो. ज्याला कळलेलं नाही त्याची पेन्सिल अडतच नाही, सरसर पुढे जाते. बाकांमधून फिरताना त्या एका फेरीत पाच-सात जणांच्या पेन्सिली पाहून घ्यायच्या आणि दुसऱ्या फेरीत नेमक्या अडलेल्या मुलापाशी वाकून उभ्या राहायच्या. फळ्यावर पुढचं उदाहरण कोणतं घ्यायचं, हे त्या फेरीत ठरायचं.

हे कसब कुठल्याही पाठ-टाचणात लिहिलेलं नसतं. बाईंनाही ते आपल्याकडे आहे हे कधी वेगळं जाणवलं नव्हतं, कारण त्याची वाट बंद होण्याची वेळच आली नव्हती.

पडद्यावर ती वाट बंद झाली. फोटोत 52 मधून 27 गेले, उत्तर 25. पाचावर काट, वर ठसठशीत 4, सगळं जागच्या जागी. पण खोडरबराची एकही खूण नाही. दुसरीतल्या मुलाची वही अशी नसते. बाई फोटो मोठा करून आकड्यांची वळणं बघायच्या आणि मनाशी विचारायच्या की हा 4 मुलाचा आहे की आईचा. उत्तर बरोबर असल्यानं कुणाला काही विचारायची सोय नव्हती. चुकीचं उत्तर आलं असतं तर निदान धागा हाती लागला असता.

प्रत्यक्ष तासालाही तेच. मी पाहिलेल्या एका तासात बाईंनी एका मुलाला विचारलं, "दोनातून सात जातात का रे?" मुलाची नजर पडद्याच्या डावीकडे गेली, क्षणभर तिथेच राहिली आणि मग तो म्हणाला, "नाही, दशक सुटा करायचा." शब्द अचूक होते. बाईंनी "शाब्बास" म्हटलं आणि पुढच्या मुलाकडे वळल्या, पण तास संपल्यावर त्या पहिल्यांदा त्याच नजरेबद्दल बोलल्या. पालकांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. आपलं मूल सगळ्यांच्या देखत चुकू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. पण त्या मदतीमुळे बाईंना मूल दिसेनासं झालं होतं.

शांततेचाही प्रश्न होता. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरं लांबतात, अधिक मुलं बोलू लागतात, हे मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं. बाई वर्गात भरपूर थांबायच्या. पडद्यावर मात्र तीन सेकंद शांततेत गेले, तर नेट गेलंय, मूल विचार करतंय की कुणी उठून निघून गेलंय, हे समजायचं नाही. मग त्या स्वतःच उत्तर सांगून टाकायच्या. आपण असं करतोय हे त्यांना दिसत होतं आणि त्याचा त्यांना त्रास होत होता.

आकड्यांतून काय दिसलं

शिक्षकाचा अध्यापनाबाबतचा आत्मविश्वास मोजण्यासाठी मेगन चॅनन-मोरन आणि अनिता वुलफोक हॉय यांनी 2001 मध्ये मांडलेली प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्या मोठ्या रूपात 24 प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला 1 ते 9 असं माप. प्रश्न तीन गटांत पडतात: मुलांना शिकण्यात गुंतवणं, अध्यापनाच्या पद्धती आणि वर्ग सांभाळणं. बाईंनी ती भरली. एका व्यक्तीच्या आकड्यांवरून फार काही सिद्ध होत नाही, म्हणून ते इथे देत नाही. पण त्यांचा आकार बोलका होता.

वर्ग सांभाळण्याच्या प्रश्नांवर बाईंनी स्वतःला वरचे गुण दिले. सगळ्यांना म्यूट केलं की वर्ग शांतच असतो! खरं तर तिथे सांभाळायला वर्गच उरला नव्हता, त्यामुळे या गटाचे चांगले गुण मी फारसे जमेस धरले नाहीत. मुलांना गुंतवण्याचे गुण खाली आले होते. आणि सगळ्यात खाली होता एक साधा प्रश्न: तुम्ही शिकवलेलं मुलांना किती समजलं, याचा अंदाज तुम्हाला कितपत घेता येतो? शिकवण्याच्या पद्धतींविषयीच्या बाकीच्या प्रश्नांवर, म्हणजे उदाहरणं देणं, वेगळ्या रीतीनं समजावणं यांवर, बाईंचा विश्वास शाबूत होता. समजावून सांगता येतं हे त्यांना ठाऊक होतं. सांगितलेलं पोचलं का, हे मात्र कळत नव्हतं.

शाळेनं या तक्रारीचा अर्थ वेगळा लावला. वयानं मोठ्या शिक्षिका, तंत्रज्ञान नवीन, म्हणजे त्या गोंधळल्या असणार. मग प्रशिक्षणं झाली: स्क्रीन कशी दाखवायची, चाचणी कशी बनवायची, मुलांचे गट कसे पाडायचे. बाई हे सगळं भराभर शिकल्या. काही दिवसांनी तरुण सहकारीच अडलं की त्यांना फोन करू लागले. आत्मविश्वास मात्र जागचा हलला नाही. मला हे या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण वाटतं, कारण दूरस्थ अध्यापनाच्या चर्चेत शिक्षकाच्या अडचणीला पहिलं नाव तंत्रज्ञानाचंच दिलं जातं.

विश्वास कुठून येतो

अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये सांगितलं की 'हे मला जमेल' या भावनेला चार झरे असतात: स्वतः करून यशस्वी झाल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहणं, इतरांचे शब्द आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत पहिला सगळ्यात जोरकस. बाईंच्या बाबतीत नेमका तोच आटला होता. यश मिळत नव्हतं म्हणून नाही, तर मिळालं की नाही हे कळत नव्हतं म्हणून. वहीतलं बरोबर उत्तर त्यांच्या खात्यावर जमा होऊ शकत नव्हतं.

बाकीच्या तिघांचंही फारसं भलं नव्हतं. मुख्याध्यापिका आपुलकीनं म्हणायच्या, "बाई, तुम्ही फार छान करताय." त्यांनी तास पाहिलेला नसायचा, आणि बाईंना ते माहीत असायचं. पाहून झाल्यावर म्हटलेलं एखादं नेमकं वाक्य अशा शंभर वाक्यांपेक्षा जड असतं. एकदा मी म्हटलं, "त्या मुलीनं बोटांवर मोजायला हात खाली नेला, तेव्हा तुम्ही थांबलात, ते बरं झालं." बाईंनी ते लगेच वहीत टिपून घेतलं.

पाहून शिकण्यासाठी आदर्श तासांचे व्हिडिओ पाठवले गेले. त्यात रंगीत स्लाइड, सफाईदार बोलणं, हसरी मुलं. बाई ते पाहून आणखी खचल्या. उलट शेजारच्या वर्गाच्या तरुण शिक्षिकेनं आपल्या फसलेल्या तासाचं रेकॉर्डिंग त्यांना दाखवलं, तेव्हा दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसल्या. समोरचा माणूस आपल्यासारखा वाटला तरच त्याला पाहून बळ येतं, असं बँडुरा यांनीही म्हटलंच आहे.

थकव्याबद्दल थोडक्यात. स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणं आणि हालचालीला जागा न उरणं ही व्हिडिओ बैठकींच्या थकव्याची कारणं असल्याचं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन यांनी 2021 मध्ये मांडलं. बाईंनी पडद्यावर आपला चेहरा यायचा त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती. फोनच्या पलीकडे मुलांबरोबर त्यांचे आई-वडील, आजी-आजोबा ऐकत आहेत, ही जाणीव मात्र पट्टीनं झाकता येणारी नव्हती.

मिश्र शाळेत परिस्थिती आणखी बिघडली

शाळा अर्धी उघडली. वर्गाचे दोन गट झाले, एक शाळेत आणि एक घरी, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. तास मात्र एकच. बाई फळ्यासमोर उभ्या, टेबलावर मोबाइल, आणि घरच्या मुलांनी तिथून फळा बघायचा. सगळ्यांना वाटलं होतं की मुलं समोर आली की बाई सावरतील.

तसं झालं नाही. फळ्यावर लिहायला वळलं की घरचा गट तुटायचा. फोनपाशी वाकलं की समोरचा गट सुटायचा. पण त्याहून जिव्हारी लागलं ते दुसरंच. शाळेत आलेल्या गटाच्या पेन्सिली बाईंना पुन्हा दिसू लागल्या, आणि फोटोत 25 लिहिणाऱ्या कित्येक मुलांच्या पेन्सिली एककाच्या घरावर अडतच नव्हत्या. सरसर 35. इतके दिवस जी शंका होती तिचा आता पुरावा मिळाला. बाई मला म्हणाल्या, "आधी मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि अर्धा वर्ग अजून पडद्याआड आहे." त्या वेळी भरलेल्या प्रश्नावलीत त्यांचे गुण पूर्ण ऑनलाइन काळापेक्षाही खाली होते.

हे सर्वसाधारण चित्राशी जुळत नाही. टिम प्रेस्ली आणि चेयॉन हा यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या 361 शिक्षकांच्या अभ्यासात पूर्ण ऑनलाइन शिकवणाऱ्यांचा आत्मविश्वास सगळ्यात कमी आढळला होता. अनुभवाच्या वर्षांनी त्यात फरक पडला नाही, असंही त्यांना दिसलं. हे दुसरं निरीक्षण बाईंच्या बाबतीत पटतं: वर्षानुवर्षांचा अनुभव कामी आला नाही, कारण तो ज्या खुणांवर उभा होता त्या खुणाच गेल्या होत्या. पहिल्या बाबतीत हे प्रकरण वेगळं पडतं. माझ्या मते कारण एकाच वेळी दोन्हीकडे शिकवण्याच्या रचनेत आहे. मिश्र पद्धतीतच ते असतं, असं नाही.

काय बदललं

बदल मोठे नव्हते, पण प्रत्येक बदल एकाच प्रश्नातून निघाला: मुलाचा विचार बाईंपर्यंत कसा पोचेल?

पहिला निर्णय मुख्याध्यापिकांनी घेतला. एकाच वेळी दोन्हीकडे शिकवणं बंद. नवी संकल्पना फक्त शाळेत आलेल्या गटाला, समोरासमोर. तोच तास दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटाला. घरच्या दिवशी फक्त सराव. यानं अभ्यासक्रम मागे पडणार हे उघड होतं, आणि मुख्याध्यापिकांनी ते पालकांना सरळ सांगितलं. शिक्षकाच्या आत्मविश्वासासाठी कुणी काही केलं असेल तर ते हे. प्रशिक्षणापेक्षा याचं मोल मी अधिक मानते.

दुसरं, वहीचे फोटो बंद झाले. त्याऐवजी घरच्या दिवशी मुलानं एकच उदाहरण मोठ्यानं बोलत सोडवायचं आणि पालकांनी तो आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. पालकांना सूचना एकच होती: दुरुस्त करू नका, चुकलं तरी तसंच पाठवा, बाईंना चूकच ऐकायची आहे. सुरुवातीला आलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मागून कुजबुज यायची. बाईंनी पालकांच्या बैठकीत स्वतः 35 हे उत्तर काढून दाखवलं, मूल तिथे कसं पोचतं ते समजावलं आणि या चुकीतून त्यांना काय कळतं तेही सांगितलं. त्यानंतर कुजबुज बरीच कमी झाली.

मग एका मुलीचं रेकॉर्डिंग आलं. उदाहरण होतं 43 वजा 18. "तीनातून आठ... नाही जात. मग आठातून तीन. पाच." थोडा वेळ काहीच नाही. "नाही नाही. वरचे तीनच आहेत ना. मग चारातला एक सोडला. तेरा झाले. तेरातून आठ..." आणि बोटं मोजल्याचा पुटपुटता आवाज. बाईंनी ते मला ऐकवलं आणि मधल्या शांततेवर बोट ठेवलं: "इथे तिची पेन्सिल अडली." उत्तर ऐकायला त्या थांबल्याही नाहीत.

तिसरं, चार-चार, पाच-पाच मुलांचे छोटे कॉल. मोठा ऑनलाइन तास रद्द करून त्याच वेळात हे बसवलं. पाच मुलं असली की तीन सेकंदांची शांतता झेपते, आणि मूल विचार करतंय की कंटाळलंय हेही चेहऱ्यावर दिसतं.

थॉमस गस्की यांनी 1986 मध्ये मांडलं होतं की शिक्षकाची धारणा आधी बदलते आणि मग पद्धत बदलते, असं घडत नाही. शिक्षक काही वेगळं करून बघतो, मुलांमध्ये त्याचा परिणाम दिसतो, आणि त्यानंतर धारणा बदलते. इथे तसंच झालं. 'अंदाज घेता येतो का' या प्रश्नावरचे बाईंचे गुण सगळ्यात आधी वर आले आणि बाकीचे मागाहून. त्या काळात मुलांच्या चुका कमी झाल्या होत्या असं नाही. पहिले काही आठवडे तर कानावर येणाऱ्या चुका वाढल्याच होत्या. चुका वाढल्या आणि विश्वासही वाढला.

म्हणूनच बाईंच्या सुरुवातीच्या शंकेला मी आत्मविश्वासाचा आजार मानत नाही. शिक्षकाच्या मनातली स्वतःविषयीची शंका सुधारणेला उपयोगी पडू शकते, असं कार्ल व्हीटली यांनी 2002 मध्ये लिहिलं होतं. बरोबर उत्तरांचे फोटो पाहून बाई निर्धास्त राहिल्या असत्या, तर प्रश्नावलीत गुण छान आले असते आणि वर्ग 35 वरच राहिला असता. त्यांची शंका खरी होती. ती घालवायला धीराचे शब्द, प्रेरणा-सत्रं, आदर्श व्हिडिओ असं बरंच काही त्यांना देण्यात आलं, आणि तुम्हाला नेमकं काय दिसेनासं झालंय हे विचारायला फार उशीर झाला.

जे जमलं नाही

वाचनाचं कोडं सुटलं नाही. वजाबाकीत विचार बोलून दाखवता येतो. जोडाक्षराशी अडखळणाऱ्या मुलाचं बोट ओळीवर कुठे आहे, डोळे पुढच्या शब्दावर गेलेत की चित्रावर, हे आवाजात येत नाही. बाईंनी पानावर कॅमेरा धरायला सांगून पाहिलं, पण पान हलायचं, मूल वैतागायचं. शेवटी वाचन शाळेच्या दिवसासाठीच राखून ठेवलं.

रेकॉर्डिंग ऐकायला वेळ लागायचा आणि तो बाईंच्या घरच्या वेळातून जायचा. शाळेनं यावर उपाय काढला तो उशिरा: बाईंचं इतर लेखी काम कमी केलं आणि रोज सगळ्यांऐवजी आळीपाळीनं एका गटाचंच रेकॉर्डिंग मागवायचं ठरलं. कुठल्याही शाळेनं हे करून पाहायचं म्हटलं तर ही तरतूद पहिल्या दिवसापासून असावी.

आणि काही मुलांचा आवाज शेवटपर्यंत आलाच नाही. घरात एकच फोन, तोही कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर बाहेर. प्रश्नावली भरताना बाई याच मुलांचा विचार करून स्वतःला कमी गुण द्यायच्या. मी त्यांना सांगितलं की हे त्यांच्या अध्यापनाचं अपयश नाही, पण त्यांना ते पटलं नाही, आणि नुसत्या सांगण्यानं पटणारही नव्हतं. मुख्याध्यापिकांनी या मुलांना दोन्ही गटांच्या दिवशी शाळेत बोलवायला परवानगी दिली. ती पुढच्या बाकांवर बसू लागली, आणि रोजच्या तासात बाईंची पहिली फेरी त्यांच्यापासून सुरू होऊ लागली.